चावडीवरचा रेडिओ : १९५६चा श्रोतेमंडळ प्रयोग आणि कोल्हापूर जिल्हा

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या रेडिओ श्रोतेमंडळांचा एक प्रयोग झाला. त्याला युनेस्कोचे पाठबळ होते, कार्यक्रम ऑल इंडिया रेडिओच्या पुणे केंद्रावरून प्रक्षेपित होत होते आणि मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. प्रौढशिक्षणाच्या जागतिक वाङ्मयात तो ‘पुणे प्रयोग’ या नावाने गेली अनेक दशके चर्चिला जातो. कोल्हापुरात मात्र शिक्षणाचा इतिहास सांगताना शाहू महाराजांचा १९१७चा सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय आणि १९६२ची शिवाजी विद्यापीठाची स्थापना या दोन टप्प्यांच्या मध्ये या दहा आठवड्यांना फारशी जागा मिळत नाही. विद्यापीठ येण्याच्या सहा वर्षे आधी, कधीही शाळेत न गेलेल्या माणसांनी आपल्याच गावात बसून एक अभ्यासक्रम पूर्ण केला होता, हे लक्षात घेतले तर ही उणीव खटकते.

या प्रकरणात तपासण्यासारखा मुद्दा एकच आहे. त्या गावांत जे शिक्षण झाले ते रेडिओने केले, की रेडिओभोवती बसलेल्या माणसांनी? प्रयोगाची आखणीच अशी होती की या प्रश्नाचे उत्तर मिळावे. ते मिळालेही. पुढे श्रोतेमंडळांचा विस्तार करताना आणि दूरचित्रवाणी आणताना त्या उत्तराचे जे झाले, तो या अभ्यासाचा उत्तरार्ध आहे.

प्रयोगापूर्वीची परिस्थिती

शिक्षणासाठी नभोवाणी वापरण्याची कल्पना नभोवाणीइतकीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने ४ एप्रिल १९२४ रोजी शाळांसाठी पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि त्यात सर वॉलफर्ड डेव्हिस यांनी संगीतावर पाठ दिला. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. ते चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने केंद्रे ताब्यात घेतली आणि जून १९३६ पासून या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. शाळांसाठीचे कार्यक्रम त्यानंतर लगेच, १९३७च्या सुमारास सुरू झाले. पुणे केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी, म्हणजे प्रयोगाच्या जेमतेम सव्वादोन वर्षे आधी उभे राहिले.

शालेय प्रक्षेपणाचा अनुभव प्रौढांच्या बाबतीत उपयोगी पडणार नाही, हे जाणकारांना लवकर कळले होते. शाळेत शिक्षक असतो, फळा असतो, घंटा असते, त्यामुळे ऐकण्याला आपोआप शिस्त येते आणि न समजलेले कोणीतरी समजावून देते. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाच्या बाबतीत यांपैकी काहीच नसते. त्याला पटले नाही तर तो उठून जातो, आणि तो उठून गेल्याचे निवेदकाला कळतही नाही.

यावर कॅनडाने एक तोड काढली होती. १९४१ पासून तेथील सार्वजनिक नभोवाणी, शेतकरी संघटना आणि प्रौढशिक्षण संस्था यांनी मिळून शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे चालवली. शेजारीपाजारी एखाद्याच्या घरी जमत, आधी पोहोचलेली छापील पत्रिका वाचत, कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि चर्चेचा अहवाल टपालाने कार्यालयाकडे धाडत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्यांचे ब्रीद होते. युनेस्कोने हाच नमुना भारतात आणायचे ठरवले तेव्हा त्यातला पहिला शब्द गळून पडणे अपरिहार्य होते, कारण १९५१च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण शंभरात अठराच्या आसपास होते. भारतीय श्रोतेमंडळांचे ब्रीद ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ एवढेच राहिले. वाचनाची जागा अर्थातच चर्चेने भरून काढायची होती आणि त्यामुळे कॅनडातल्यापेक्षा इथल्या चर्चेवर अधिक भार येणार होता.

कोल्हापूर जिल्हा, १९५६

प्रयोगाच्या पाच जिल्ह्यांत कोल्हापूरची परिस्थिती थोडी निराळी होती. संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन (१ मार्च १९४९) अवघी सात वर्षे झाली होती आणि जिल्ह्याची हद्दही पुरती ठरलेली नव्हती. चंदगड तालुका राज्य पुनर्रचनेनंतर, म्हणजे प्रयोग आटोपल्यावर, बेळगावातून इकडे आला. पश्चिमेला घाटमाथ्यालगत भाताची खाचरे, पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे काळी जमीन, आणि मध्ये पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस, अशी शेती होती. साखर कारखान्यांची सहकारी चळवळ याच दशकात आकार घेत होती. वारणेकाठी तात्यासाहेब कोरे आणि पंचगंगेकाठी रत्नाप्पा कुंभार यांनी ती उभी केली. भागधारकांची सभा, पतपेढीची बैठक, तालमीचे मंडळ, अशा निमित्तांनी एकत्र बसून ठराव करण्याची सवय इथल्या गावांना होती. माझ्या मते श्रोतेमंडळासाठी ही सवय रेडिओ संचाइतकीच मोलाची होती, जरी ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणारी बाब नव्हती.

अडचणीही इथल्याच होत्या. बहुसंख्य खेड्यांत वीज नव्हती, म्हणून सामुदायिक संच बॅटरीवर चालत. ते व्हॉल्व्हचे जड संच होते. बॅटरी उतरली की नवी येईपर्यंत गाव मुके होई आणि बिघाड झाला तर दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावा लागे. पुणे केंद्र रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक लांब होते. मध्यम लहरींचा स्वभाव असा की दिवसा त्या जमिनीलगत थोड्या अंतरापर्यंत पोहोचतात आणि अंधार पडल्यावर आकाशातून परावर्तित होऊन दूर जातात. तिन्हीसांजेच्या सुमारास दोन्ही वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्या की आवाज कधी चढतो, कधी विरतो. शेतकऱ्याला सवड होण्याची वेळही नेमकी हीच.

हंगामाचा विचारही करावा लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा शाळूची सुगी उरकण्याचा आणि गुऱ्हाळे धडधडण्याचा काळ. काहिलीखाली जाळ चालू असताना गुळव्या किंवा गुऱ्हाळाचा मालक अर्धा तास चावडीवर येऊन बसेल, ही अपेक्षाच फोल होती. चैत्रातली जोतिबाची यात्राही याच दिवसांत येते. तरीही उन्हाळ्याआधीचे हे आठवडे निवडण्यामागे शहाणपण होते, कारण मृगाच्या आधी जे शिकले ते लगेच पेरणीला वापरता येते.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जानेवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर मुंबईत गोळीबार झाला होता आणि मराठी मुलुखात सरकारविषयी संताप होता. अशा वेळी सरकारी नभोवाणीवरून येणारा उपदेश गावाने संशयाने ऐकला असता तर नवल वाटले नसते. श्रोतेमंडळाचे कार्यक्रम केवळ व्याख्यानांवर न बेतता त्यांत संवाद, मुलाखती आणि छोटी नाट्ये गुंफली होती, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते.

मंडळाची संध्याकाळ

प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे एक मंडळ होते. त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. अध्यक्ष बहुधा वजनदार असावा आणि निमंत्रक लिहिता-वाचता असावा, एवढी अपेक्षा होती. जिल्हावार संघटक मंडळे उभी करीत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवीत. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. शेती, उंदरांचा नायनाट, आरोग्य, ग्रामपंचायत, सहकार, शिक्षण असे विषय त्यांत होते.

अर्धा तास संपला की रेडिओ बंद होई आणि खरे काम सुरू होई. ऐकलेल्यातले काय पटले, काय आपल्या जमिनीला लागू पडत नाही, आणि त्यासाठी पैसा कुठून आणायचा, यावर मंडळ बोलत असे. निमंत्रक चर्चेचा अहवाल लिहून पुण्याला पाठवी. त्यात मंडळाचे प्रश्न असत, आणि त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. आपल्या गावाचा प्रश्न पुण्याहून ऐकू येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण तिचे मोल केवळ कौतुकापुरते मानले तर प्रयोगाचा गाभाच हातून निसटतो.

निमंत्रकाच्या अहवालाने तीन वेगवेगळी कामे होत होती आणि ती तिन्ही एकाच कागदाने होत होती, ही या व्यवस्थेची खुबी. अहवाल लिहायचा असल्यामुळे चर्चा कुठेतरी येऊन थांबावी लागे. नुसत्या गप्पा कागदावर उतरत नाहीत. अहवाल वाचणाऱ्या निर्मात्याला आपल्या कार्यक्रमातला कोणता भाग डोक्यावरून गेला हे आठवड्याभरात समजे. आणि प्रश्न वीस जणांच्या वादातून गाळून आलेला असल्यामुळे तो एका माणसाच्या अडचणीपुरता राहत नसे. ज्याला अक्षर येत नाही त्याचेही म्हणणे निमंत्रकाच्या हातून कागदावर जात होते. निरक्षरांनीही या मंडळांत भरीव ज्ञान मिळवले, असे मूल्यमापनात आढळले, त्याचे कारण मला इथे दिसते.

तुलना आणि निष्कर्ष

मूल्यमापनाची धुरा पॉल न्यूराथ यांच्याकडे होती. मूळचे व्हिएन्नाचे, नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून वाचलेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये समाजशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक त्या वर्षी टाटा संस्थेत पाहुणे म्हणून आले होते. ऑल इंडिया रेडिओचे तेव्हाचे महासंचालक आणि हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर यांच्यासह त्यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

न्यूराथ यांची आखणी साधी पण नेमकी होती. एका बाजूला श्रोतेमंडळ असलेली गावे घेतली, दुसऱ्या बाजूला मंडळ नसलेली. मंडळ नसलेल्या गावांचेही पुन्हा दोन गट केले: काही ठिकाणी सामुदायिक रेडिओ होता, काही ठिकाणी तोही नव्हता. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले, आणि काही बैठकांना निरीक्षक हजर राहिले. रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावे हा या आखणीचा कणा होय. ती नसती तर सगळे श्रेय बिनदिक्कत यंत्राला मिळाले असते.

मंडळ असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ ठळक दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती त्या मानाने अगदीच किरकोळ होती. म्हणजे संच तोच, केंद्र तेच, असे असूनही चर्चा नसेल तर ऐकलेले बहुतांशी वाऱ्यावर गेले.

दुसरा निष्कर्ष कोणी मागितलेला नव्हता. मंडळे फक्त शिकून थांबली नाहीत. ती निर्णय घेऊ लागली. न्यूराथ यांच्या निरीक्षणानुसार श्रोतेमंडळ ही झपाट्याने गावातली महत्त्वाची संस्था बनली, सामायिक कामे निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही लवकर मार्गी लावू लागली आणि पंचायत व गावसभा यांच्या मधले काहीतरी होऊन बसली. मुंबईचा १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम अजून यायचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणातली गंमत कळते. शिक्षणाची योजना आखणाऱ्यांच्या हातून नकळत स्थानिक स्वराज्याचा एक नमुना तयार झाला होता. यात धोकाही होता, आणि तो अभ्यासकांनी पुरेसा चर्चिलेला नाही असे माझे मत आहे: निवडून न आलेले वीस जण गावाच्या वतीने ठरवू लागले तर ते वीस कोण, हा प्रश्न उभा राहतोच.

त्याचे उत्तर फारसे समाधानकारक नाही. मंडळे ही जवळजवळ सर्वस्वी पुरुषांची होती. ज्या जिल्ह्यात भांगलणीपासून धारा काढण्यापर्यंतची निम्मीअधिक कामे बायका करतात, तिथे बियाणे निवडणे आणि कोंबड्या पाळणे हे विषय त्यांच्याशिवाय चर्चिले गेले. चावडी किंवा देवळाचा मंडप ही बैठकीची जागा असेल तर तिथे कोण निःसंकोच येऊन बसू शकतो आणि कोण उंबऱ्याबाहेरून ऐकतो, हेही जागा निवडतानाच ठरून जाते. शाळेची खोली या दृष्टीने अधिक बरी.

निष्कर्षांना आणखी एक मर्यादा आहे. दहा आठवडे ही नवलाई टिकण्याची मुदत आहे. संघटक, निरीक्षक, परदेशी पाहुणे यांच्या येण्याजाण्याने गावाला आपण कोणीतरी विशेष आहोत असे वाटणे स्वाभाविक होते आणि त्या भावनेने हजेरी व उत्साह दोन्ही वाढतात. पण ही मर्यादा मान्य केली तरी रेडिओ असलेली आणि मंडळ नसलेली गावे ज्या जागी राहिली त्याचे स्पष्टीकरण तिने मिळत नाही.

विस्तार आणि झीज

नोव्हेंबर १९५९ मध्ये श्रोतेमंडळांची योजना देशभर सुरू करण्यात आली आणि पुढच्या काही वर्षांत मंडळांची संख्या हजारांत गेली. संख्या वाढली तशी प्रत्येक मंडळामागची माणसे कमी झाली. पुणे प्रयोगात एका केंद्राकडे दीडशेच्या आसपास मंडळांचे अहवाल येत होते. ते वाचणे, वर्गवारी करणे आणि उत्तरे देणे दोन-चार माणसांच्या आवाक्यात होते. तेच काम हजारो मंडळांसाठी, कायमचे, आणि कृषी, विकास गट व नभोवाणी अशा वेगवेगळ्या खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी आपापल्या इतर कामांतून सवड काढून करायचे ठरले, तेव्हा सर्वांत आधी ढिला पडला तो परतीचा टपालमार्ग. बॅटरी नाही, संच बंद, निमंत्रकाची बदली, उत्तर आले नाही म्हणून पुढचा अहवाल नाही, अशी ही साखळी होती. अनेक मंडळे नोंदवहीत राहिली.

याचा अर्थ शेतीच्या नभोवाणीचा उपयोग संपला असा मुळीच नाही. १९६६ पासून निवडक केंद्रांवर शेती व गृह विभाग सुरू झाले आणि त्यांत पुण्याचा समावेश होता. तमिळनाडूतील तंजावरकडे ‘एडीटी-२७’ हे भाताचे वाण नभोवाणीवरील प्रचारामुळे इतके पसरले की शेतकरी त्याला ‘रेडिओचा भात’ म्हणू लागले. एखादे वाण, एखादे औषध, पेरणीची एखादी तारीख सांगायची असेल तर एकतर्फी प्रक्षेपण पुरते. उसाला पाण्याच्या पाळ्या कमी करायच्या की नाही हे सांगायला ते पुरत नाही, कारण तिथे विहीर, भाऊबंद, सोसायटीचे कर्ज आणि शेजाऱ्याचा बांध हे सारे आड येतात आणि त्यांच्याविषयी गावातल्या गावातच बोलावे लागते.

दूरचित्रवाणीकडे

योगायोग असा की ज्या वर्षी श्रोतेमंडळे देशभर नेली गेली, त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. तिच्याही मागे युनेस्को होती, आणि तिथेही सामुदायिक संचांभोवती ‘टेलीक्लब’ नावाची प्रेक्षकमंडळे बांधण्यात आली. ही कल्पना फ्रान्समधून आली होती. तिथल्या खेडुतांनी १९५०च्या दशकात वर्गणी काढून सामायिक संच घेतले होते. १९६१ मध्ये फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने दिल्लीच्या शाळांसाठी पाठ सुरू झाले आणि २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीभोवतालच्या ८० गावांसाठी ‘कृषी दर्शन’. एवढ्यापर्यंत पुणे प्रयोगाची छाया दिसते.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ हा उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, त्यात मात्र भर बदलला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांना थेट कार्यक्रम मिळाले. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र या सहांत नव्हता. कोल्हापूरला सर्वांत जवळची गावे विजापूर जिल्ह्यातली होती. जाळीच्या अँटेना, संचांची देखभाल, बिघाडाची दुरुस्ती या बाबतीत भारतीय अभियंत्यांनी जे करून दाखवले ते निःसंशय मोठे होते, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी केलेला त्याचा वापरही विचारपूर्वक होता. पण पडद्यासमोर जमणारा गाव म्हणजे मंडळ नव्हे. कार्यक्रम संपला की गर्दी पांगते. तिच्यात अध्यक्ष नसतो, निमंत्रक नसतो आणि तिच्याकडून कोणी आठवड्याच्या आठवड्याला अहवालही मागत नाही. उपग्रहाने एका गावाच्या जागी हजारो गावांशी एकाच वेळी बोलता येऊ लागले, आणि नेमक्या त्याच कारणाने गावाला उलट बोलण्याची सोय आखणीच्या मध्यभागी राहिली नाही.

कोल्हापूरच्या श्रोत्याला जवळचे केंद्र मिळाले ते १९६३ मध्ये, सांगली आकाशवाणीच्या रूपाने. पुण्याच्या चढत्या-विरत्या आवाजाची अडचण त्यामुळे दूर झाली आणि पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन घरोघर, गोठ्यात आणि मोटेच्या जागी आलेल्या इंजिनाच्या खोपीतही पोहोचला. ऐकणाऱ्यांची संख्या १९५६च्या मानाने कितीतरी वाढली, फक्त आता प्रत्येक जण एकटा ऐकत होता. केंद्राकडे परत जाणारा मार्ग राहिला तो श्रोत्यांच्या पोस्टकार्डांचा आणि पत्रोत्तराच्या कार्यक्रमाचा. त्या पोस्टकार्डावर एका शेतकऱ्याचा प्रश्न असे आणि त्याचे उत्तर त्याला मिळेही. मात्र ते उत्तर ऐकून ‘हे आपल्या शिवारात चालणार नाही’ असे म्हणणारे बाकीचे एकोणीस जण त्याच्या शेजारी बसलेले नसत.